पायाखालचं ऊन

रोपं संध्याकाळी आडवी पडलेली दिसली. सकाळी पाणी घातलं तेव्हा ती सरळ उभी होती, दोन-दोन पानं पसरून, जेमतेम बोटभर उंचीची. आधी वाटलं, कीड लागली. मग वाटलं, पाणी जास्त झालं. गुडघे टेकून जवळून पाहिलं तर पानं अजून हिरवी होती. मलूल झाली होती, पण मेली नव्हती. मान मात्र मोडली होती. खोड मातीतून जिथे बाहेर येतं, नेमक्या त्या जागी, नखाच्या टोकाएवढ्या पट्ट्यात ते आकसून दोऱ्यासारखं झालं होतं. त्या जागेवर एक फिकट, पांढुरका डाग होता, आणि ज्या बाजूने दुपारचं ऊन येतं त्या बाजूला तो जास्त ठळक होता. डागाच्या वरचं खोड ठीक होतं. उपटून पाहिलं तर खालची मुळंही ठीक. मधला तेवढाच एक घास उन्हाने घेतला होता.

त्या दिवशी फोनवर कमाल तापमान ३७ अंश दाखवत होतं. ३७ अंशांत खोड भाजत नाही. आपल्या स्वतःच्या रक्ताचं तापमान तेवढंच असतं.

हे दुखणं रोपवाटिकांत आणि वनीकरणाच्या कामात जुनं आहे, हे मला पुढे कळलं. उघड्या, कोरड्या मातीचा पृष्ठभाग टळटळीत दुपारी ५० अंशांच्या पुढे सहज जातो, आणि कोवळ्या खोडाच्या पेशी त्या तापमानाला फार वेळ तग धरत नाहीत. मातीला टेकलेला तेवढा पट्टा भाजून निघतो, अन्नरस वाहून नेणारी वाट बंद होते आणि रोप तिथूनच कोलमडतं. पण त्या संध्याकाळी मी मातीत बसले होते ती वेगळ्याच विचारात. दुपारभर आम्ही दोघं एकाच उन्हात होतो, मी आणि ते रोप. माझ्या छातीपाशी ३७ अंश होते आणि त्याच्या मानेपाशी ५० च्या वर. आमच्यात अंतर होतं फक्त दीड मीटरचं, तेही उभं.

तेव्हापासून कोणी तापमान सांगितलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: किती उंचीवरचं?

ऊन वरून येतं, म्हणून उष्णताही वरूनच येते असं आपण धरून चालतो. लहानपणी मला पक्कं वाटायचं की डोंगरावर जास्त उकडायला हवं, कारण तिथून सूर्य जवळ. मग डोंगरावर गारठा का, याचं उत्तर बरीच वर्षं मी कोणाला विचारलंच नाही. खरं पाहिलं तर सूर्यप्रकाशाला हवा जवळजवळ दिसतच नाही. काचेतून जावा तसा तो तिच्यातून आरपार जातो. पृथ्वीवर येणाऱ्या एकूण सूर्यप्रकाशापैकी साधारण तीन दशांश परत अवकाशात फेकला जातो, पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्त हवा आणि ढग मिळून शोषतात, आणि जवळजवळ निम्मा जमीन आणि पाणी शोषून घेतं. हवेच्या वाट्याला आलेला हिस्साही कित्येक किलोमीटर जाडीत वाटला जातो, त्यामुळे त्याने तासाभरात हवा फारशी तापत नाही. जमिनीचा हिस्सा मात्र पडतो तो अगदी पातळ थरावर. कोरड्या मातीत ऊन मिलिमीटरभरही आत शिरत नाही. निरभ्र दुपारी सूर्य डोक्यावर असताना दर चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ओतले जात असतात, एक इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखे, आणि ते सगळे त्या वरच्या पापुद्र्यावर.

म्हणजे दिवसा हवा तापते ती खालून. चुलीवरच्या भांड्यातलं पाणी तळापासून तापावं तशी. आपल्या अंगाला लागणारी दुपारची गरम हवा थोड्याच वेळापूर्वी जमिनीला लागून गेलेली असते. आणि डोंगरावर गारठा असतो कारण वर चढणारी हवा पसरते, आणि पसरताना तिची उष्णता खर्ची पडते. कोरडी हवा १०० मीटर वर चढली की जवळजवळ एक अंशाने थंड होते. हा हिशेब मोकळ्या आकाशातला. जमिनीलगत मात्र तो पार कोलमडतो, आणि माझं सगळं लक्ष तिथेच अडकलेलं आहे.

जमिनीला अगदी चिकटून असलेल्या हवेचा एक थर जागचा हलत नाही. वारा कितीही असो, पृष्ठभागाला टेकलेली हवा तिथेच धरून ठेवलेली असते. तो थर एखाद-दोन मिलिमीटरचाच, पण त्यातून उष्णता वर जाण्याचा एकच मार्ग असतो: एका रेणूने दुसऱ्याला धक्का देत. आणि स्थिर हवा उष्णता वाहून नेण्यात फार वाईट. लोकरीचा कपडा ऊब देतो तो याच गुणामुळे, त्याच्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. मी एकदा कागदावर साधा भागाकार करून पाहिला. कोरडी जमीन भर दुपारी हवेला दर चौरस मीटरमागे ३०० वॅट देते असं धरलं, आणि ते त्या स्थिर थरातून न्यायचे म्हटले, तर दर मिलिमीटरला तापमानात १२ अंशांचा उतार लागतो. एका मिलिमीटरला १२ अंश! उत्तर पाहून मी भागाकार पुन्हा केला. बरोबर होता. माझ्या रोपाची मान त्या कड्याच्या पायथ्याशीच उभी होती.

त्या थराच्या वर चित्र बदलतं. तिथे हवा हलू शकते, आणि तापलेली, हलकी झालेली हवा बुडबुड्यासारखी सुटून वर जाते. तिची जागा घ्यायला वरची गार हवा खाली येते. हे घुसळणं मातीजवळ बारीक असतं, वर जाऊ तसं मोठं होत जातं. जमिनीलगत बोटभर भोवरे, डोक्याच्या उंचीवर हातभर, आणि त्याच्याही वर घारी ज्यांच्यावर पंख न हलवता तरंगतात ते शेकडो मीटर उंचीचे. मोकळ्या सपाट जागी वारा वाहत असेल तर एक ढोबळ नियम सापडतो. एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत जेवढं तापमान उतरतं, साधारण तेवढंच उतरायला पुढे दहा सेंटीमीटरपासून एक मीटरपर्यंत जावं लागतं, आणि तेवढंच पुन्हा उतरायला एक मीटरपासून दहा मीटरपर्यंत. ऊन फारच कडक असेल तर वरच्या पायऱ्या आणखी बुटक्या होतात, कारण वर घुसळणं जोरात असतं. एकूण जिन्याच्या सगळ्या उंच पायऱ्या तळाशी. माणूस उभा राहतो तो जिन्याच्या सपाट भागात, म्हणून आपल्याला हा जिना जाणवतच नाही.

मराठीत उष्णतेसाठी किती शब्द आहेत याचा विचार मी आधी कधी केला नव्हता. चटका बसतो, झळ लागते, धग जाणवते. अनवाणी पाय तापल्या फरशीवर पडला की बसतो तो चटका, स्पर्शाचा. मैदान ओलांडताना तोंडावर येते आणि जाते ती झळ, म्हणजे वाहत आलेली हवा. आणि सूर्य मावळल्यावरही भिंतीपासून हातभर अंतरावर अंगाला जाणवते ती धग, जिला मधल्या हवेची गरजच नाही. पुस्तकात यांना वहन, अभिसरण आणि प्रारण म्हणतात, आणि शाळेत मी ते शब्द पाठ करून परीक्षेत लिहिले. पण उन्हात वावरणाऱ्यांनी हा भेद केव्हाच ओळखला होता आणि त्यासाठी घट्ट, छोटे शब्द घडवले होते. शब्दांच्या कडा थोड्या एकमेकांत मिसळतात हे खरं. चुलीचीही झळ लागतेच. तरी झळ ‘येते आणि जाते’ हे निरीक्षण फार अचूक आहे. दुपारी मैदानात उभं राहिलं की उष्णता एकसारखी लागत नाही, तुकड्या-तुकड्यांनी येते. दहा-वीस सेकंद हवा हळूहळू तापत जाते आणि मग अचानक गार होते, कारण गरम बुडबुडा सुटून वर गेलेला असतो. अतिशय बारीक तारेचा तापमापक लावला तर हाच आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो.

रोपं गेली त्यानंतर मी एक काठी रोवली. तिच्यावर जमिनीपासून ५ सेंटीमीटर, ३० सेंटीमीटर, १ मीटर आणि २ मीटर अशा उंचीवर चार तापमापक बांधले. पहिल्या दिवशीचे आकडे फेकून द्यावे लागले. तापमापक सरळ उन्हात होते, आणि उन्हातला तापमापक हवेचं तापमान सांगत नाही, तो स्वतः किती तापला ते सांगतो. काळं आवरण असेल तर जास्त, पांढरं असेल तर कमी, वारा थांबला की आणखी जास्त. ‘उन्हात पन्नास डिग्री होतं’ असं कोणी सांगतं तेव्हा ते पन्नास त्या यंत्राचे असतात. हवेला ऊन-सावली फारशी कळत नाही. झाडाची लहानशी सावली आणि तिच्या शेजारचं ऊन यांतल्या हवेत फरक अगदी थोडा असतो. सावलीत बरं वाटतं ते मुख्यतः आपल्या कातडीवर थेट ऊन पडणं थांबतं म्हणून.

हे कोडं एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने सोडवलं. तो दीपगृहं बांधायचा. १८६० च्या दशकात त्याने पांढऱ्या रंगाची, चहूबाजूंनी तिरप्या पट्ट्यांच्या दुहेरी झडपा असलेली लाकडी पेटी सुचवली. वारा आत खेळतो, पण वरून ऊन किंवा खालून जमिनीची धग आत शिरत नाही. वेधशाळांत आजही ही पेटी दिसते. तिची उंची ठरलेली असते, आणि जागतिक हवामान संघटनेचा संकेत आहे की तापमापक जमिनीपासून १.२५ ते २ मीटरांच्या दरम्यान असावा. कारण उघड आहे. त्याहून खाली गेलं की प्रत्येक वितीला आकडा बदलतो, आणि मग एका गावचं तापमान दुसऱ्या गावाशी ताडून पाहणं अशक्य होतं. तुलनेसाठी जिन्याचा सपाट भाग निवडला गेला, आणि निवड शहाणपणाची होती. मला खंत वाटते ती वेगळ्या गोष्टीची. तो आकडा बातम्यांत येता येता त्याची उंची गळून पडते आणि तो ‘आजचं तापमान’ होतो, सगळ्यांचं.

मी पुठ्ठ्याच्या नळ्या केल्या, एकात एक दोन, बाहेरून चकचकीत फॉइल, दोन्ही टोकं उघडी. सर्वांत खालच्या नळीला खालूनही आडोसा द्यावा लागला, कारण मातीची धग खालून वर येते. मग काठी बोलू लागली.

सूर्योदयाच्या वेळी खालचा तापमापक सर्वांत थंड होता. रात्रभर जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत आलेली, आणि तिला टेकलेली हवाही तिच्याबरोबर गार झालेली. ऊन पडलं तरी आकडे लगेच चढले नाहीत, थोडा वेळ आणखी उतरले. मिळकत खर्चापेक्षा कमी असेपर्यंत उतरतच राहणार. मग खालचा तापमापक हलला. एकटाच. वरचे तिघे जागच्या जागी, आणि हा चढतोय. त्याने तिसऱ्याला गाठलं, दुसऱ्याला गाठलं, आणि सूर्य पुरेसा वर आला तेव्हा एक क्षण असा आला की चारही आकडे जवळजवळ सारखे झाले. दिवसभरात असा क्षण फक्त दोनदा येतो. सकाळी धूर जमिनीलगत आडवा पसरलेला असतो आणि मग एकदम वर उचलला जातो, तो याच सुमाराला. मला काठीच्या सगळ्या नोंदींत ही वेळ सर्वांत आवडते. पानही हललेलं नसतं, पण रात्र आणि दिवस यांचा उलटा-सुलटा जिना त्या घटकेला पूर्ण सपाट झालेला असतो.

दुपारी खालचा तापमापक वरच्यापेक्षा चार अंशांनी पुढे होता. शेजारी मातीच्या पातळ थराखाली टेकवलेल्या पाचव्या तापमापकाने ५५ ओलांडले होते. ऊन मी म्हणत होतं. मला तो फरक आकड्यात पुरला नाही, म्हणून मी चटई टाकून जमिनीवर आडवी झाले, गाल मातीपासून वीतभर अंतरावर. उभी असताना चेहऱ्याला वारा लागत होता. खाली वारा जवळजवळ नव्हताच, कारण जमिनीच्या घर्षणाने तोही खाली मंदावतो. मातीची धग डोळ्यांच्या खालच्या कडांना लागत होती. श्वास आत घेतला तर तो कोणाच्या तरी तोंडातून आल्यासारखा. मिनिटभरात उठावं लागलं. रांगणारं मूल याच उंचीवर श्वास घेतं, हे उठता उठता मनात आलं आणि मी थोडा वेळ तशीच उभी राहिले.

जमिनीचा पृष्ठभाग मध्यान्हीनंतर लवकरच शिखर गाठतो. छातीच्या उंचीची हवा मात्र दोन-तीन तासांनी, दुपार कलताना. माती खालच्या दिशेने आणखी सावकाश. साधारण ओल्या मातीत १० सेंटीमीटरवर दुपार पोचायला तीनेक तास जातात, आणि ३० सेंटीमीटरवर ती पोचते तेव्हा वर रात्र झालेली असते. एकाच दुपारच्या या सगळ्या वेगवेगळ्या वेळा. वर मनोऱ्यांवरही तेच, चढ-उतार उंचीबरोबर कमी होत जातो. नेदरलँड्समधल्या काबाऊ इथे २१३ मीटरचा मनोरा १९७२ पासून उभा आहे, केवळ जमिनीपासून वरच्या हवेच्या अशा नोंदी घेण्यासाठी. माझ्या काठीचा तो फार थोरला भाऊ.

रुडॉल्फ गायगर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९२७ साली जमिनीलगतच्या हवेच्या हवामानावर अख्खा ग्रंथ लिहिला. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. बाकीचे लोक हजारो फूट वर फुगे सोडत होते तेव्हा तो गवताच्या पात्यांमध्ये तापमान मोजत होता. त्याचं म्हणणं रोपासारखं विचार करणाऱ्याचं होतं.

काही जीव हा जिना पुरता ओळखून आहेत. सहारातल्या चंदेरी मुंग्या भर दुपारी बाहेर पडतात, जेव्हा त्यांना खाणारे सरडे उष्णतेने बिळात गेलेले असतात. उन्हाने मेलेले किडे गोळा करायला त्यांना अगदी थोडा अवधी मिळतो. शरीराचं तापमान ५३.६ अंशांच्या पुढे गेलं की ही मुंगीही मरते. तिचे पाय लांब असतात, अंग वाळूपासून काही मिलिमीटर उचललेलं, आणि त्या काही मिलिमीटरांत किती अंश दडलेले असतात हे त्या भागाकाराने मला शिकवलंय. तरीही फार तापली की ती वाळलेल्या काडीवर चढते. चार-पाच सेंटीमीटर वर. तिथे थांबते, निवते, आणि पुन्हा उतरून धावत सुटते. नामिबच्या वाळूतला एक सरडा तर तिरप्या रेषेतले दोन-दोन पाय आळीपाळीने उचलतो, एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा, हवेत धरतो, मग ते टेकवून दुसरे उचलतो. उंट उंच आहे याचाही त्याला लाभ होतोच.

आणि हे अंतर किती रुंद होऊ शकतं? अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत १५ जुलै १९७२ ला जमिनीचं तापमान ९३.९ अंश नोंदलं गेलं. त्याच दिवशी पेटीतल्या हवेचं कमाल तापमान होतं सुमारे ५३.

मृगजळ हे याच जिन्याचं दर्शन. रस्त्यालगतची हवा वरच्यापेक्षा इतकी गरम, म्हणून विरळ असते की आकाशाकडून तिरपा खाली येणारा प्रकाश तिथे वाकून पुन्हा वर आपल्या डोळ्यांकडे येतो. आपल्याला रस्त्यावर पाणी दिसतं ते असतं आकाश. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेत तहानलेल्या सैनिकांना ते पाणी दिसत होतं, आणि १७९८ साली त्यांच्याबरोबरच्या गास्पार मोंज या गणितज्ञाने त्याचं कारण सांगितलं. आता मी गाडीत पुढच्या सीटवर बसले की ते चमकतं पाणी बघत राहते. डोळे थोडे खाली आणले की ते जवळ सरकतं.

सगळी जमीन मात्र सारखी वागत नाही. गवत असेल, ओल असेल, तर उन्हाचा मोठा हिस्सा पाण्याची वाफ करण्यात जातो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ २४ लाख ज्यूल लागतात. ती उष्णता वाफेबरोबर निघून जाते आणि पृष्ठभाग हवेपेक्षा थोडाच गरम राहतो. त्याच उन्हात शेजारचा डांबरी रस्ता ६० अंशांकडे गेलेला असतो. कृत्रिम गवताच्या मैदानाला गवताचा रंग असतो, पण ते घाम गाळत नाही. पांढरी वाळू निदान बरंच ऊन परत फेकते. ओली काळी माती जवळजवळ सगळं पिऊन टाकते, पण ओल असेपर्यंत गार असते. वाळली की मग खरी तापते.

उन्हं उतरली की काठीवर दुसरा सपाट क्षण येतो, आणि तो सूर्य मावळायच्या आधीच येतो. निरभ्र संध्याकाळी ऊन अजून अंगावर असतं, पण जमिनीचा खर्च मिळकतीच्या पुढे गेलेला असतो आणि खालचा तापमापक वरच्याच्या मागे पडायला लागतो. पुढे रात्री आणखी एक नवल. १९३२ साली रामदास आणि आत्मनाथन या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी लिहिलं की शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकून नसते, वीतभर किंवा थोडी जास्त उंचीवर असते. सुरुवातीला फार थोड्यांनी विश्वास ठेवला. पुढे इतरांनाही तेच आढळलं. माझी काठी हे दाखवू शकत नाही, तिच्यावरची अंतरं फार मोठी आहेत. पुढच्या हिवाळ्यासाठी मी मधे आणखी तीन नळ्या करते आहे.

रोपं पुन्हा लावली. या वेळी खोडाभोवती वाळलेल्या पानांचा बोटभर थर दिला, आणि दुपारच्या बाजूला प्रत्येकाशेजारी तळहाताएवढी एक झावळीची चिपळी उभी रोवली. सावली पडते ती जेमतेम बोटभर, नेमकी मानेवर. पाचवा तापमापक आता त्या पानांच्या थराखाली आहे. काल दुपारी दोन वाजता तो ३९ दाखवत होता. थराच्या बाहेर, हातभर अंतरावर, मी तळहात मातीवर टेकवला आणि लगेच उचलला.